मांडीतली भर

१

साचेवालीचा दिवस भांडणानं सुरू व्हायचा. माणसांशी नव्हे, मूर्तींशी. संग्रहालयाच्या तळघरात पोचलं की ती आधी बाह्या वर करायची, बादलीत साबण कालवायची, कालच्या ब्रशांतलं वाळकं प्लास्टर खरवडायची आणि मग समोर जो कोणी दगडाचा, लाकडाचा बसलेला असेल त्याला फैलावर घ्यायची. "अहो, नाक केवढं हे! यात रबर शिरलं तर मी काढू कसं, सांगा बरं!" असं ती एकदा एका दगडी राजाला म्हणाली, तेव्हा दाराशी बसलेले पहारेकरी काका इतके हसले की त्यांना ठसकाच लागला.

काम तिचं सरळ सांगायचं तर नकलेचं. वस्तूवर ब्रशनं पातळ रबर चढवायचं, ते घट्ट झालं की वरून प्लास्टरचं जाड कवच द्यायचं, दुसऱ्या दिवशी दोन्ही उतरवायचं. झाला साचा. त्यात प्लास्टर ओतलं की तिसऱ्या दिवशी हुबेहूब दुसरी वस्तू तयार. रबर खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. दगडावर केसाएवढा चरा असला तरी तो नकलेत येणार म्हणजे येणार. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यातून या महिन्यात तर बाईच्या अंगात वारंच शिरलं होतं. वरच्या मजल्यावर अंध पाहुण्यांसाठी एक दालन उघडायचं होतं. तिथं सगळं हातानं चाचपून पाहायचं. त्या दालनाच्या मधोमध बसवायची होती आईची मूर्ती. खरी मूर्ती काळ्या दगडाची, बसलेली, माणसाच्या दीडपट, आठ हातांची. चार हातांत शस्त्रं, एकात कमळ, एकात वाटी, एक तळवा समोर उघडा, भिऊ नको म्हणणारा. आणि आठवा हात, डावीकडचा सगळ्यांत खालचा, मांडीभोवती वळवलेला. मूल धरावं तसा. मूल मात्र नव्हतं.

"तुटलं असेल हो," साचेवाली म्हणाली.

"तुटल्याची खूण नाही कुठं," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडं चष्मा शोधणाऱ्या बाई. "मांडी बघ ना, गुळगुळीत आहे. ही मोकळीच घडवलीय. अशा मूर्तींत आई लढते आणि भरवते, दोन्ही एकाच अंगानं. मांडीवर मूल असतं ते तिची माया दाखवायला, आणि वरची शस्त्रं त्या मुलाकडं वाकडं बघणाऱ्यासाठी. हिची शस्त्रं आहेत, हात आहे, फक्त मूल नाही. का नाही, ते कुणालाच सांगता येत नाही."

डावीकडून पाहिलं तर मूर्ती हसत होती. उजवीकडून पाहिलं तर नुसती बघत होती. साचेवालीनं दोन्हीकडून पाहून घेतलं आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठ हातांचा साचा! असं काम जन्मात एकदा मिळतं.

२

अडचण आली ती मांडीशीच. तो वळवलेला हात आणि पोट यांच्यामध्ये खोल खोबण होती. रबर तिथं शिरून हाताच्या मागं गेलं की अडकणार, आणि ओढून काढायला जावं तर साचा फाटणार. अशा जागी साचेवाले आधी भर घालतात. पोकळी कशानं तरी भरून टाकायची, साचा वरवरून काढायचा आणि त्या जागेचा वेगळा तुकडा नंतर करायचा. एरवी भर मातीची. पण मॅडमनी बजावलं होतं, जुना दगड आहे, ओल्या मातीचा डाग धरेल, माती चालणार नाही.

"मग काय, कापसाचं गाठोडं," साचेवाली स्वतःशीच म्हणाली आणि पुसायला आणलेल्या जुन्या कपड्यांची पिशवी तिनं उपडी केली. त्यात एक पिवळं झबलं निघालं. तिच्या लेकीचं, सहा महिन्यांची असतानाचं.

लेक आता पाच वर्षांची. घरात कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारत नसे, सगळ्यांची ती भिंगरी. नावाप्रमाणं गरगरायची हौस दांडगी, पण छातीत दम्यानं बिऱ्हाड केलेलं. दहा पावलं धावली की छातीत शिट्टी वाजायची. मग पंप, मग मांडीवर घेऊन उभं बसवणं, पाठ चोळणं, बापानं डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहणं. बाप वायरमन होता, उघड्या तारांना भ्यायचा नाही, पण त्या शिट्टीला भ्यायचा. दोनदा तर पोरीला दवाखान्यात नळी लावून ठेवावं लागलं होतं. साचेवाली रात्रीची झोपायची ती एक कान जागा ठेवूनच.

तर त्या झबल्यात तिनं कापूस ठासला, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि गाठोडं मूर्तीच्या मांडीत नीट बसवलं. इतकं चपखल बसलं की तिला हसूच आलं. बसमध्ये शेजारच्या बाईला म्हणावं तशी ती मूर्तीला म्हणाली, "घ्या बाई. धरा जरा माझ्या लेकीला, माझं काम होईपर्यंत."

काका दाराशी हसले. "परत मागायला विसरू नका म्हणजे झालं, ताई!"

"विसरतेय कशी! नऊ महिने वाहिलंय पोटात," साचेवाली म्हणाली आणि ब्रश रबरात बुडवला.

३

दुसऱ्या दिवशी साचा उतरला तो लोण्यातून सुरी निघावी तसा. सात हात सुटे झाले, चेहरा सुटा झाला, कुठं एक बुडबुडा नाही. साचेवाली टाळ्या पिटायचीच बाकी होती. गाठोडं मात्र निघेना. तिनं हळू ओढलं, जोरात ओढलं, मग एक पाय चौथऱ्याला लावून ओढलं. "अहो सोडा की!" ती वैतागून म्हणाली तेव्हा ते निघालं. कापूस एका बाजूनं दबून गेला होता आणि त्यावर चार खोलगट रेघा उठल्या होत्या. दगडी बोटं चार, रेघा चार. दाबून बसवलं होतं, उठणारच. तिनं झबलं पिशवीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी नक्कल उघडली.

पांढऱ्या प्लास्टरच्या आईच्या मांडीवर पांढरं प्लास्टरचं बाळ बसलं होतं.

गाठोड्याचा आकार येणार हे तिला ठाऊकच होतं, तो कापून टाकायचाच होता. पण गाठोड्यावर प्लास्टिकच्या चुण्या असतात. इथं चुण्या नव्हत्या. इथं गाल होते. समोर बघणारं, तोंड किंचित उघडं असलेलं, सहा महिन्यांचं बाळ. साचेवाली गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याच्या डाव्या पायाची बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच.

आता दुसरी कोणी असती तर ओरडत वर पळाली असती. साचेवालीच्या अंगावर काटा आला खरा, पण तो भीतीचा कमी आणि हर्षाचा जास्त. तिच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. दगडावर डोळ्यांना न दिसणारं काहीतरी असणार. जुनी झीज, जुना लेप, कोणीतरी कधीतरी घासून काढलेलं मूल. प्लास्टिक फाटलं असेल, रबर आत गेलं असेल, त्यानं तो ठसा उचलला असेल. रबर खोटं बोलत नाही! मग गाठोडं मध्ये असताना मांडीचा ठसा आला कुठून, हा प्रश्नही तिच्या मनात आला. त्याला तिनं थोडा वेळ बाजूला बसवलं.

मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि चक्क तिला मिठी मारली. "अगं, हिची मांडी मोकळी नव्हतीच! तू शोधलंस हे, तू! पण मला पुरावा हवा. भर न घालता पुन्हा साचा काढ. फक्त मांडीचा."

त्या दिवशी साचेवाली घरी चालत नाही गेली, तरंगत गेली.

४

घरात वायरमन दाराशीच उभा होता, तोंडभर हसत. "आज शाळेत धावण्याची शर्यत होती. तुझी लेक धावली."

"कुणी धावू दिलं तिला? पंप कुठंय?" साचेवालीनं पिशवी दारातच टाकली.

"पंप दप्तरात तसाच. बाईंनी अडवायच्या आत पळाली. पहिली आली! शिट्टी नाही, धाप नाही, काही नाही. परवापासून मीही ऐकतोय, छाती कशी स्वच्छ चाललीय बघ."

परवा. म्हणजे ज्या दिवशी गाठोडं मांडीत बसवलं तो दिवस. पण हे तिच्या तेव्हा ध्यानात नाही आलं. तिनं भिंगरीला उचललं, छातीला कान लावला आणि तिथंच दारात रडायला लागली. पाच वर्षांत त्या छातीतून इतका शांत आवाज तिनं ऐकला नव्हता. वायरमननं दोघींना कवेत घेतलं आणि तिघं वेड्यासारखी हसत सुटली.

चहा झाल्यावर ती साचे पुसायचे ब्रश नीट करत बसली. भिंगरी जमिनीवर पाय पसरून चित्र रंगवत होती. छान मागं रेलून, आरामात, एक पाय हलवत. साचेवालीनं दोनदा तिच्याकडं पाहिलं. काहीतरी खटकत होतं पण काय ते उमजेना. मग उमजलं.

पोर ज्याला रेलली होती ते काही नव्हतंच. भिंत दोन हात लांब होती. उशी नव्हती, लोड नव्हता. पाठ अर्धी कलती आणि मान मागं टाकलेली, असं कुणाला चार क्षणसुद्धा बसता येणार नाही. पोटात पेटका येईल. भिंगरीचा अख्खा मासा रंगवून झाला होता.

"भिंगरे, पाठ कशाला टेकलीस ग?"

"टेकलेय की," भिंगरी वर न बघता म्हणाली.

साचेवालीनं पुढं होऊन तिच्या पाठीमागून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. फक्त तेवढ्या जागेतली हवा गार होती, आणि तिला ओल्या दगडाचा, तळघराचा वास होता. आपल्याच अंगाला येतोय, दिवसभर तिथंच असतो ना आपण, असं तिनं स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही. पण पोरीचा श्वास इतका सुरेख चालला होता की तिनं हात मागं घेतला.

५

दुसऱ्या साच्याला तिनं भर घातली नाही. मांडी पुसली, वाळवली, आरशानं हाताच्या मागची खोबणसुद्धा तपासली. रिकामी. रबर घट्ट बसेल म्हणून थोडं थोडं चढवलं, तुकड्या-तुकड्यांनी काढलं. मॅडम स्वतः स्टूल टाकून शेजारी बसल्या होत्या. काका दार सोडून आत आले होते. नक्कल उघडताना तिघांचेही श्वास अडकले होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

मांडीवर मूल होतं. पण बाळ नव्हतं ते. चांगली पाच वर्षांची पोर होती, दोन वेण्या घातलेली, आणि तिनं तोंड समोरून वळवून एका बाजूला केलं होतं.

"दोन मुलं!" मॅडम ओरडल्याच. "एकावर एक! दोन वेगवेगळ्या काळांतली! अगं बाई, आता मी कुणाकुणाला फोन करू?" चष्मा शोधत त्या जिन्यानं पळत गेल्या. त्यांचा चष्मा कपाळावरच होता.

काका मागं राहिले. त्यांनी बराच वेळ प्लास्टरकडं पाहिलं, मग काळ्या दगडाकडं. "ताई," ते म्हणाले, "वेणीचा भांग वाकडा आहे हिचा."

साचेवालीला कळलं होतं ते. तो भांग तिनंच सकाळी घाईत पाडला होता. बसची वेळ झाली म्हणून डावी वेणी वर आणि उजवी खाली, तशीच पोर शाळेत पाठवली होती. "भांग काय, कुणाचाही वाकडा असतो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

६

घरात तर दिवाळखोर घराला खजिना सापडावा तसा आनंद चालला होता. भिंगरी झाडावर चढली. भिंगरी पावसात भिजली आणि तिला साधी शिंकही आली नाही. जिन्याच्या सातव्या पायरीवरून तोल जाऊन ती खाली आली, तेव्हा साचेवाली वरून किंचाळली. पण पोर पडली नाही. खाली आली, एवढंच. कुणी हातांत घेऊन उतरवून ठेवावं तशी दोन्ही पायांवर उभी राहिली आणि "पुन्हा!" म्हणाली. आईला नव्हे. आईच्या डावीकडं, वर, जिथं कोणी नव्हतं तिकडं मान करून.

रविवारी साचेवालीनं तिला मांडीवर ओढलं. रोजची सवय होती ती दोघींची, वेणी घालताना भिंगरी आईच्या मांडीत कोकरासारखी शिरायची. या वेळी ती ताठ बसली आणि लगेच उठली.

"का ग?"

"टोचतं."

"काय टोचतं?"

"तुझी मांडी लहान आहे," भिंगरी म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

साचेवालीनं ते नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "पोर मोठी झालीय, मांडीवर बसायची लाज वाटते तिला. तू तिचा श्वास बघ ना! रोज पडल्या पडल्या घोरतोय मी, पाच वर्षांत पहिल्यांदा. चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुला?"

"बघवतंय रे. पण ती माझ्याकडं बघत नाही."

"बघेल की. पळून चाललीय का कुठं?"

खरं सांगायचं तर तिला हेवा वाटत होता. जे तिला पाच वर्षं रात्रंदिवस जागून जमलं नाही, ते कुणीतरी एका हातानं केलं होतं, आणि सात हात मोकळे ठेवून.

७

तिसरा साचा तिला कुणी सांगितला नव्हता. तो तिनं आपण होऊन काढला, दाराला आतून कडी घालून. हात इतके शिवशिवत होते की रबर कालवताना अर्धं टेबलावर सांडलं.

नक्कल उघडली. पोरीची फक्त पाठ दिसत होती. दोन्ही हात आईच्या गळ्यात, तोंड छातीत पार बुडालेलं. आणि तो आठवा हात, जो दगडात नुसता वळवलेला होता, तो इथं पोरीच्या पाठीवर घट्ट आवळलेला होता. बोटांखाली फ्रॉकला चुण्या पडल्या होत्या.

साचेवालीनं दगडाकडं पाहिलं. हात होता तिथंच होता, मांडीपासून वीतभर लांब. तिनं मागं सरकून डावीकडून चेहरा पाहिला. मूर्ती हसत होती. ती उजवीकडं गेली. इथून ती नुसती बघायची, हे तिला पक्कं माहीत होतं. इथूनही ती हसत होती.

तेव्हा तिला ते झबलं आठवलं, आणि आपण काय बोललो ते आठवलं. काम होईपर्यंत धरा. असं गमतीत बोलतो आपण. पण जिला धरायला दिलं तिनं ते गमतीत घेतलं नव्हतं. तिनं पोर धरली होती, चांगली धरली होती, आईनं धरावी तशी. आणि काम तर आता झालं होतं.

"माझी आहे ती," साचेवाली मोठ्यानं म्हणाली. तळघरात तिचा आवाज घुमला आणि परत आला. ती कडी काढून धावतच बाहेर पडली.

८

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. मॅडम दालनाच्या कामासाठी बाहेर गेल्या होत्या, काका फाटकावर होते. सकाळचे अकरा वाजलेले, मूर्तीच्या मागच्या झरोक्यातून ऊन आत यायचं, पण मूर्ती मध्ये असल्यामुळं तिच्या समोरच्या फरशीवर तिची सावलीच असायची. साचेवाली भिंगरीचा हात धरून तळघरात उतरली. पोरीच्या पायांत उड्या होत्या. "आपण तिच्याकडं चाललोय?" असं तिनं वाटेत चारदा विचारलं होतं, आणि कोणाकडं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

साचेवाली मूर्तीसमोर उभी राहिली. दगडी राजाला वाटेल ते बोलणारी ती, पण आता शब्द जुळेनात. शेवटी तिनं हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार फार झाले. तुम्ही माझी लेक सांभाळली. माझं काम झालं. आता द्या तिला परत."

काही झालं नाही. झरोक्याबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग भिंगरी, जी हात सोडून मूर्तीकडं सरकत होती, ती थबकली. तिनं मागं वळून पाहिलं. आणि तीन आठवड्यांनी तिचे डोळे आईच्या डोळ्यांवर येऊन थांबले.

"आई," ती म्हणाली. "आई, तू होतीस कुठं?"

साचेवालीनं तिला असं कवटाळलं की दोघी जमिनीवर बसल्या. काय तो आनंद! ती पोरीचे केस हुंगत होती, पाठ चोळत होती, हसत होती, "इथंच होते राणी, इथंच," म्हणत होती. भिंगरी तिच्या मांडीत शिरली, अगदी पहिल्यासारखी, आणि तिथंच तिच्या छातीतून शिट्टी वाजली.

आधी बारीक. मग मोठी. मग दोन शिट्ट्यांच्या मधला श्वास येईनासा झाला.

पंप होता. ती तो विसरली नव्हती, आई होती ती. एकदा दिला, दोनदा दिला, चारदा दिला. "काका! गाडी बोलवा! दवाखान्याची गाडी!" ती जिन्याकडं तोंड करून ओरडली, आणि वरून काकांचे पळते पाय ऐकू आले. "वीस मिनिटं म्हणतात, ताई!" वीस मिनिटं. तीन आठवड्यांचा थोपवलेला दमा एकदम आल्यासारखा आला होता. भिंगरीच्या गळ्याची खाच आत ओढली जात होती, ओठ निळे पडत होते, नखं आईच्या दंडात रुतली होती. डोळे मात्र आईवरच होते. एक क्षणही हलले नाहीत.

साचेवालीनं पाठ चोळली, उभं धरलं, झरोक्याखाली नेलं, परत आणलं. मग पंप पुन्हा. शिट्टी थांबली. थांबली, कारण आता आवाज करण्याइतकी हवाही आत जात नव्हती. हा आवाज नसणं तिला ठाऊक होतं. दवाखान्यात डॉक्टर एकदा याच शांततेला घाबरले होते.

तिनं मान वर केली. मूर्तीचा खालचा हात मांडीपासून वीतभर लांब होता. आता दीड वीत वाटला. जागा करून दिल्यासारखा.

"माझ्याकडंच बघ, राणी," ती पोरीला म्हणाली. "अजून थोडं. माझ्याकडं बघ." मग तिनं तिच्या वाकड्या भांगावर ओठ टेकले, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि त्या गार काळ्या मांडीत बसवलं. या वेळी ती काही बोलली नाही. गळ्यात अडकलेले लेकीचे हात तिनं एक एक करून स्वतः सोडवले आणि पाठ फिरवली.

मागून एक मोठा श्वास आला. खोल, स्वच्छ, पोटापर्यंत जाणारा. मग दुसरा. साचेवाली जमिनीवर बसून तोंड झाकून रडत होती आणि श्वास मोजत होती. अकरा झाले, बारा झाले. तेराव्याला दगडावर दगड घासल्याचा आवाज आला, बारीकसा, आणि समोरच्या फरशीवरची मूर्तीची सावली सरकत गेली. सगळ्या फरशीवर ऊन झालं. झरोका आणि फरशी यांच्यामध्ये आता कोणी नव्हतं, हे तिला न वळता कळलं. ती वळली नाही.

लहान पावलं तिच्या जवळ येऊन थांबली. भिंगरीच होती. गाल लाल, ओठ लाल, धाप नाही. एक हात खाली, दुसरा वर, खूप वर, कुणी दीडपट उंचीच्या माणसाचं बोट धरावं तसा. त्या हातापाशी नजर न्यायचं धाडस साचेवालीला झालं नाही. ती पोरीच्या चेहऱ्याकडंच बघत राहिली.

भिंगरीनंही तिच्याकडं पाहिलं, परक्या माणसाकडं मूल बघतं तसं, सभ्यपणे.

"काकू, तुम्ही का रडताय?"

"काही नाही ग," साचेवाली म्हणाली. "डोळ्यांत प्लास्टर गेलं."

"हां," भिंगरी म्हणाली आणि जिन्याकडं निघाली. तिच्या बाजूनं, तिच्या पावलाला पाऊल जुळवत, पायऱ्यांवर जड काहीतरी चढू लागलं. प्रत्येक पायरी कुरकुरत होती.

साचेवाली उठली. "बाळ," तिनं हाक मारली, "मी... मी येऊ का तुमच्याबरोबर?"

भिंगरी थांबली. मान वर करून तिनं काहीतरी ऐकलं, बराच वेळ. मग ती आईकडं वळून गोड हसली.

"या म्हणते," ती म्हणाली. "पण जरा मागून."